आला बरं का

पक्ष्याच्या शोधात निघणाऱ्या माणसाला निदान तो पक्षी कोणता हे तरी माहीत असावं, एवढी माफक अपेक्षा कुणीही करील. लिफ्टसाहेबांची पंचाईत तिथूनच सुरू झाली. त्यांच्याकडे पक्ष्याचं नाव नव्हतं, रंग नव्हता, आवाज नव्हता. होते ते फक्त तीन शब्द, आणि ते बोलणारं माणूस आता घरात नव्हतं.

दरवर्षी थंडीची चाहूल लागली की एका सकाळी स्वयंपाकघरातून काकूंचा, म्हणजे साहेबांच्या बायकोचा, आवाज यायचा, "आला बरं का." बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रामागून साहेब म्हणायचे, "हं." विषय संपला. एकदाच काकू पुढे म्हणाल्या होत्या, "एवढासा जीव, कुठून कुठून उडत येतो आणि बरोबर इथेच येऊन बसतो." त्यावरून तो पक्षी असावा आणि लांबून येत असावा, एवढं साहेबांना कळलं होतं. त्यावरही ते "हं"च म्हणाले होते.

काकूंना जाऊन हा दुसरा हिवाळा. पहिल्या हिवाळ्यात साहेबांना कशाचंच भान नव्हतं. या वर्षी मात्र एका सकाळी चहा झाला, पेपर वाचून झाला, तरी काहीतरी व्हायचं राहिलंय असं त्यांना सारखं वाटत राहिलं. उठून बघितलं तर गॅस बंद होता, नळ बंद होता, दाराला कडी होती. मग लक्षात आलं की थंडी पडली आणि कुणी "आला बरं का" म्हणालं नाही.

एरवी अशा वेळी माणूस एक उसासा टाकतो आणि शब्दकोड्याकडे वळतो. पण थंडी सरली की लेक त्यांना आपल्याकडे कायमचं न्यायला येणार होती. तिने तिकडची खोलीसुद्धा रंगवून घेतली होती आणि साहेबांनीही बरेच दिवस आढेवेढे घेऊन शेवटी हो म्हटलं होतं. म्हणजे या घरातला हा शेवटचा हिवाळा. तो जो कोण होता त्याला बघायचं तर आत्ताच, नाहीतर मग कधीच नाही. आपली बायको इतकी वर्षं कुणाबद्दल सांगत होती हे एकदा तरी बघून घ्यावं, असं साहेबांना फार वाटलं.

आता साहेबांविषयी थोडं. त्यांची हयात सरकारी खात्यात लिफ्टची तपासणी करण्यात गेली. गावातल्या कितीतरी इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या सहीने वरखाली झाल्या. स्वतः मात्र ते आपल्या दुसऱ्या मजल्यावर जिन्यानेच जायचे. व्यायाम व्हावा म्हणून जायचे, पण लोकांनी त्यातून काढायचा तो अर्थ काढला होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी "लिफ्टसाहेब" हे नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही.

तर साहेबांनी रीतसर तपासणी सुरू केली. पहिलं घटनास्थळ म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी. ते ओट्यापाशी ताठ उभे राहिले, खिडकीकडे बघितलं. वरची काच धुरकट होती, तिच्यात पंखा बसवलेला. पंख्याच्या पात्यांमधून समोरच्या इमारतीची पाठमोरी भिंत आणि तिच्यावरचे सांडपाण्याचे पाइप दिसले. पक्षी म्हणावं असं काही नव्हतं. या खिडकीतून पक्षी दिसणं शक्य नाही, सबब तो आकाशात दिसत असावा, असा निष्कर्ष त्यांनी मिनिटभरात काढला. जाता जाता ओट्यावरच्या मांडणीकडे लक्ष गेलं आणि जुनं दुखणं वर आलं. सहा कपांना पाचच बश्या होत्या. काकू गेल्यावर साहेबांनी घरातल्या वस्तूंची मोजदाद केली तेव्हा हे उघडकीला आलं होतं, आणि त्यांनी भांडी घासणाऱ्या मावशींची चौकशीही केली होती. मावशी तेव्हा दोन दिवस आल्या नव्हत्या आणि आल्यावर आठवडाभर बोलल्या नव्हत्या.

लिफ्टची तपासणी नेहमी वरून खाली करतात. आधी गच्चीवरची मशीनरूम, मग मधले मजले, शेवटी तळाचा खड्डा. साहेबांना दुसरी कुठली पद्धत येतच नव्हती, म्हणून ते पक्ष्यासाठीही आधी गच्चीवर जायला निघाले. गच्चीला कुलूप होतं. किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे.

सेक्रेटरीचं झेरॉक्सचं दुकान होतं, त्यामुळे प्रत्येक गोष्टीची एक प्रत मागायची त्याला सवयच लागली होती. "अर्ज द्या साहेब," तो म्हणाला. "कारण लिहा. नियमात तीनच कारणं बसतात. पाण्याची टाकी, अँटेना आणि लिफ्टची मशीनरूम."

"मला पक्षी बघायचाय."

"ते नियमात नाही. पक्षी बघायला एकाला किल्ली दिली तर उद्या दुसरा सूर्य बघायला मागेल."

साहेबांनी आयुष्यात कधी खोटा शेरा मारला नव्हता. पण थंडी काही थांबणार नव्हती. त्यांनी कारणाच्या जागी लिहिलं, "लिफ्टच्या मशीनरूमची पाहणी." आणि किल्ली घेऊन वर गेले.

वर गेल्यावर त्यांना फार प्रसन्न वाटलं. कोवळं ऊन होतं, वारा होता, आणि हातात दुर्बीण होती. ही दुर्बीण नाटकाला न्यायला म्हणून घेतलेली. काकूंनी ती दोनदा वापरली, साहेबांनी एकदाही नाही, कारण नाटक सुरू झालं की त्यांना झोप यायची. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावून आकाशाचा कोपरान् कोपरा तपासला. कबुतरं दिसली, कावळे दिसले, एक पतंग दिसला. मग पक्षी एखाद्या खिडकीवर बसत असेल असं वाटून त्यांनी समोरच्या इमारतीच्या खिडक्या एकेक करून तपासायला घेतल्या, वरून खाली, पद्धतशीर. तिसऱ्या मजल्यावर एक बाई केस विंचरत होत्या. साहेबांना त्या दिसण्याआधी त्यांना साहेब दिसले.

साहेब खाली उतरेपर्यंत त्या बाईंचे यजमान फाटकात येऊन उभे होते. व्यायामशाळेत शिकवणारा माणूस, दंड दाराएवढे.

"काय बघत होता काका?"

"पक्षी."

"कोणता?"

"तेच तर माहीत नाही."

"दिसतो कसा?"

"ते माहीत असतं तर शोधायला कशाला गेलो असतो?"

उत्तरं सगळी खरी होती आणि एकही ऐकण्यासारखं नव्हतं. व्यायामशाळेवाला साहेबांच्या पांढऱ्या केसांकडे बघून नरमला. "घरी कुणी नाही का तुमच्या?" एवढंच त्याने विचारलं. साहेबांना दोन ठोसे खावे लागले असते तरी चाललं असतं, पण हा प्रश्न लागला. ते काही न बोलता जिना चढले.

संध्याकाळी सेक्रेटरीने नोटीस लावली की इमारतीत दुर्बीण वापरण्यास मनाई आहे. नोटीस त्याने लिफ्टमध्ये लावली आणि ती कुणीच वाचली नाही. कारण तोपर्यंत साहेबांचा अर्ज इमारतभर झाला होता. लिफ्टसाहेब मशीनरूम बघून आले आणि पांढरेफटक पडून, कुणाशी न बोलता जिन्याने घरी गेले, हे पाहणाऱ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून लिफ्ट रिकामी. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या आजी गुडघ्यांमुळे घरात अडकल्या, आणि त्यांची भाजी दोरीला पिशवी बांधून वर जाऊ लागली. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर साहेबांना जिन्यात गाठून म्हणाले, "साहेब, मी पेशंटला कधी खोटं सांगत नाही. तुम्हीही सांगू नका. किती दिवस काढेल?"

"अहो, लिफ्ट ठणठणीत आहे. मी पक्षी बघायला गेलो होतो."

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "समजलं. सगळ्यांसमोर बोलता येत नसेल तर नका बोलू."

शेवटी सोसायटीची सभा भरली. साहेबांनी उभं राहून खरं सांगितलं. एक पक्षी आहे, तो थंडीत लांबून येतो, बायकोला दिसायचा, मला बघायचाय. कुणी हसलं नाही, ते त्यांना जास्त जड गेलं. मग सल्ल्यांना सुरुवात झाली. डॉक्टरांच्या मते तो पारवा असणार. आजींनी वरून फोनवर कळवलं की त्यांच्या माहेरी घुबड यायचं. गणिताचे क्लास घेणाऱ्या बाई म्हणाल्या की फोनमध्ये आता असं काही निघालंय, नुसता आवाज ऐकवला की पक्ष्याचं नाव सांगतं. सेक्रेटरीचं म्हणणं एवढंच होतं की साहेबांनी सगळ्यांदेखत लिफ्टने वरखाली करून दाखवावं. तेव्हा अख्खी सभा खाली उभी राहिली आणि लिफ्टसाहेब, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एकटे शिरले. वर जाऊन खाली आले. काही जणांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर पडताना साहेबांना वाटलं, ही गंमत घरी जाऊन सांगितली असती तर ती पोट धरून हसली असती. घरी गेल्यावर त्यांनी दिवा लावला आणि डब्यातलं जेवण गरम न करताच खाल्लं.

रविवारी लेकीचा फोन आला. जेवण, औषधं, गुडघा असे नेहमीचे मुद्दे झाल्यावर साहेबांनी हळूच विचारलं, "आईचा तो पक्षी तुला आठवतो का गं?"

"कुठला पक्षी?"

"थंडीत यायचा. सांगायची ती."

"मला काही बोलल्याचं आठवत नाही बाबा. म्हणजे बोललीही असेल. मी तेव्हा अभ्यासात असायचे." मग तिने आवाज खाली आणला. "बाबा, तुम्ही बरे आहात ना? त्या सेक्रेटरींचा फोन आला होता मला. तुम्ही गच्चीवर वगैरे का जाताय? मी लवकर येऊ का न्यायला?"

"नको, नको," साहेब घाईने म्हणाले. "थंडी संपू दे."

आता तर घाई करायलाच हवी होती. त्यांनी क्लासच्या बाईंकडून ते ॲप फोनमध्ये घालून घेतलं. बाईंनी गणित शिकवावं तसं समजावलं, "हे दाबलं की ऐकतं. हे दाबलं की नाव येतं. आणि हे दाबलं की जाणकार लोकांकडे जातं, ते खात्री करतात." पुढचे काही दिवस साहेब फोन पुढे धरून घरात, बागेत, रस्त्यावर फिरत होते. ॲपने कबुतर ओळखलं, कावळा ओळखला, शेजारच्या कुकरच्या शिट्टीला काही काळ विचार करून नकार दिला. किराणा दुकानाच्या रांगेतल्या लोकांनी त्यांना न बोलता पुढे सोडलं. हा आदर आहे की आणखी काही, याचा विचार साहेबांनी मुद्दामच केला नाही.

आणि मग एका पहाटे तो आवाज आला.

साहेब दार उघडून दूध घेत होते. जिन्याच्या पोकळीतून, खालून कुठूनतरी, एक बारीक, कापरा, वर चढत जाणारा सूर आला. थांबला. पुन्हा आला, या वेळी उतरता. त्यांनी फोन पुढे धरला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच वेळी तो आवाज पुन्हा आला आणि फोनवर एका पक्ष्याचं चित्र उमटलं. कुठल्याशा बर्फाळ देशातला, लांब नावाचा, लांब पायांचा पाणपक्षी. "या भागात अत्यंत दुर्मिळ," असं खाली लिहिलेलं होतं. पाणपक्षी जिन्यात काय करतो हा प्रश्न साहेबांना पडला, पण फार वेळ टिकला नाही. माणसाला एखादी गोष्ट हवीच असली की तो असल्या प्रश्नांना बसायला खुर्ची देत नाही. त्यांनी ते तिसरं बटण दाबलं.

रविवारी सकाळी इमारतीसमोर गाड्या येऊन थांबल्या. मातकट रंगाचे कपडे घातलेली, गळ्यात हातभर लांब कॅमेरे अडकवलेली माणसं उतरली आणि कुजबुजत आत शिरू लागली. वॉचमनने अडवलं तर म्हणाली, "पक्षी." वॉचमन म्हणाला, "दुसरा मजला," आणि बाजूला झाला. सेक्रेटरी धावत आला, पण कुणीतरी त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, आणि गंमत म्हणजे तो गप्प झाला. सगळा जिना माणसांनी भरला. साहेब स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या मजल्याच्या वळणावर उभे होते. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांच्या शब्दावर विसंबून आलं होतं.

"अजून थोडा वेळ," ते हलकेच म्हणाले. "याच सुमाराला येतो."

आणि आला. तोच बारीक, कापरा, चढता सूर. सगळे कॅमेरे एकदम वळले. लिफ्टचं जाळीचं दार उघडलं होतं आणि फिरायला निघालेले दातांचे डॉक्टर, कानटोपी घालून, इतक्या कॅमेऱ्यांसमोर उभे होते. त्यांनी सवयीने हसून दात दाखवले. मग मागे वळून दार ओढलं आणि तोच सूर उतरता ऐकू आला.

एका दाढीवाल्याने कॅमेरा खाली घेतला, दाराजवळ जाऊन खालच्या खाचेतून बोट फिरवलं आणि म्हणाला, "कोरडं पडलंय. तेल लागतंय याला."

लिफ्ट इतके दिवस बंद राहिली होती. दाराची खाच सुकली होती, गंज धरला होता. आणि ती बंद का राहिली, हे इमारतीतल्या सगळ्यांना माहीत होतं. पाहुण्यांपैकी एकाने भाबडेपणाने विचारलं, "हे काका आधी काय करायचे?"

"लिफ्ट इन्स्पेक्टर," सेक्रेटरी म्हणाला.

आधी कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मग सगळा जिना हसला. त्यात वाईट असं काही नव्हतं, डॉक्टरांनासुद्धा हसू आवरेना. साहेबही हसले, कारण न हसता उभं राहणं आणखी कठीण होतं. आयुष्यभर ज्या कानांनी नुसत्या आवाजावरून दोरखंडाचा दोष ओळखला, त्या कानांना स्वतःच्या दारातला गंज ओळखता आला नाही. ओळखायचाच नव्हता, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

गाड्या निघून गेल्या. मागे राहिल्या त्या टोपी घातलेल्या एक वयस्कर बाई आणि त्यांच्याबरोबरचे दोघं. "पहाटेपासून उभे आहोत," बाई म्हणाल्या. "चहा मिळेल का तुमच्याकडे?" त्यांना चहाची गरज नव्हती हे साहेबांना समजलं, आणि त्यांनी ते समजलं नसल्यासारखं केलं. काकू गेल्यापासून घरात कुणी चहाला आलं नव्हतं. साहेबांनी चहा बरा केला, साखर जास्त पडली. तिघांना कपबशी दिली, आणि उरलेल्या बश्यांत बिस्किटं मांडल्यामुळे स्वतःचा कप नुसताच धरून बसले.

चहा पिता पिता त्यांनी सगळं सांगितलं. ते तीन शब्द, आणि ते "हं"सुद्धा. टोपीवाल्या बाईंनी मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही.

"थंडीत इतके येतात," त्या म्हणाल्या. "झुडपातला वटवट्या, पाण्याकाठचा धोबी. भिंतीवर, पाइपवर बसणारा थिरथिरा. चिमणीएवढा असतो, छाती काळी, पोट विटकरी, आणि शेपटी सारखी थरथरत असते. यातला कोणता ते कसं सांगू? पण एक आहे. हे इवलेसे जीव डोंगर ओलांडून येतात आणि दरवर्षी हटकून त्याच जागी बसतात. तीच भिंत, तोच कोपरा."

"तोच पक्षी?"

"काही वर्षं तोच. फार जगत नाहीत बिचारे. मग दुसरा कुणीतरी येतो आणि ती जागा धरतो."

म्हणजे काकूंनी इतक्या वर्षांत एकाबद्दल नव्हे, कितीतरी पाहुण्यांबद्दल सांगितलं होतं. एक गेला, दुसरा आला, आणि त्यांना ते कदाचित कळलंही असेल. साहेब कपात बघत बसले. पाहुणे उठले. जाताना बाई दारात म्हणाल्या, "दिसेल. न दिसला तरी तो येऊन गेलेला असतो." जिन्यातून त्यांची पावलं खाली गेली आणि घर होतं तसं झालं.

टेबलावर उष्टे कप राहिले. रविवारी मावशी येत नाहीत. एकट्याचा एक कप साहेब नुसताच विसळून पालथा घालायचे, पण चार कप आणि पाच बश्या असा पसारा त्यांनी ओट्याशी कधी निस्तरला नव्हता. त्यांनी बाह्या वर केल्या. ओट्यातलं सिंक खाली होतं, काकूंच्या उंचीला बेतलेलं. त्यांची कंबर लगेच दुखायला लागली. कप घासता यावा म्हणून त्यांना पाय फाकवून, पाठ वाकवून, जवळजवळ अर्धं खाली यावं लागलं, आणि मान वर केली तर डोळ्यांसमोर खिडकीची खालची काच होती. ही काच धुरकट नव्हती. ती कुणीतरी रोज पुसलेली, आणि आता दोन वर्षं न पुसलेली साधी काच होती. तिच्यातून एक अरुंद सज्जा दिसत होता, आणि त्याला लागून वळलेला एक पाइप.

सज्ज्यावर बशी होती. मातीने मळलेली, तळाशी वाळलेली पानं. काठावरची निळी रेघ मात्र ओळखू येत होती.

साहेब तसेच वाकलेले राहिले, हातावर साबणाचा फेस. मावशींची आपण चौकशी केली होती हे त्यांना आठवलं आणि लाज वाटली. मग पाइपच्या वळणावर काहीतरी हललं. चिमणीएवढा, छाती काळी, पोट विटकरी. त्याने एकदा मान झुकवून रिकाम्या बशीकडे बघितलं, एकदा काचेकडे. शेपटी सारखी थरथरत होती. तो आजच पहिल्यांदा आला नव्हता हे उघडच होतं. थंडी पडल्यापासून रोज येत असणार, साहेब गच्चीवर आणि बागेत आणि जिन्यात असताना.

"आला बरं का," साहेब म्हणाले. मोठ्याने म्हणाले, बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल असं.

बाहेरच्या खोलीतून काहीच आलं नाही. किती लहानसं होतं ते "हं", आणि तेवढंही म्हणायला मागे कुणी नसलं की कसं वाटतं, हे त्यांना आत्ता कळलं. ते ओल्या हाताने डोळे पुसायला गेले आणि साबण डोळ्यात गेला.

फोन वाजला. लेक होती. रविवार होता.

"बाबा, काय चाललंय? जेवलात का?" मागे कळफलकाची टकटक ऐकू येत होती.

"आला बरं का," साहेब म्हणाले.

"हं," लेक म्हणाली.

साहेबांनी ते "हं" लगेच ओळखलं. नाक तिने आईचं घेतलं होतं, हे मात्र त्यांचंच होतं, जसंच्या तसं. त्यांना राग आला नाही. हिच्या आईने हे "हं" दरवर्षी ऐकलं होतं आणि तरी पुढच्या थंडीत पुन्हा सांगितलं होतं. फोन खांद्यात धरून त्यांनी एक कप पाण्याने भरला, खिडकी अलगद सरकवली. पक्षी भुर्रकन समोरच्या भिंतीवर गेला. साहेबांनी हात लांब करून बशीत पाणी ओतलं, खिडकी लावली आणि गुडघे दुखत असतानाही तिथेच वाकून उभे राहिले. थोड्या वेळाने तो परत येऊन पाइपवर बसला.

"एवढासा आहे गं," ते हळू आवाजात म्हणाले. "कुठून कुठून उडत येतो आणि बरोबर इथेच येऊन बसतो."

तिकडची टकटक थांबली.

"बाबा," लेकीने विचारलं, "कोण आला?"

इतक्या वर्षांत या घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. साहेबांनी फोन हातात घेऊन कानाशी नीट धरला. पलीकडे लेक उत्तराची वाट बघत होती, आणि पाइपवर थिरथिऱ्याची शेपटी थरथरत होती.